यीस्टला गाव विचारणारे सर

पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं नाही. मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि म्हणाले, "गाव कोणतं तुमचं?"

"लासलगाव."

"अरे वा!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग सांगा, कांदाचाळीतला सडका कांदा तुमच्याकडं कुठं टाकतात?"

मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून आले होते. पहिला दिवस म्हणून जुन्या वह्याही चाळल्या होत्या. सडक्या कांद्याची तयारी मात्र केली नव्हती.

"उकिरड्यावर," मी म्हटलं.

"सोमवारी येताना दोन घेऊन या. धुऊ नका. पाणी सुटलेले असले तर फारच छान."

रविवारी मी उकिरड्यापाशी काडीनं कांदे उलटेपालटे करत होते. ते पाहून आई ओट्यावरूनच म्हणाली, "तुला नोकरी लागलीय ना नक्की?"

नोकरी होती दिंडोरीच्या बाजूच्या एका डिस्टिलरीत. साखर कारखान्यांकडून आमच्याकडं मळी यायची. साखर काढून घेतल्यावर जो काळा, चिकट पाक उरतो ती मळी. तिच्यात पाणी घालून यीस्ट सोडायचं. यीस्ट उरलीसुरली साखर खातं आणि तिचं इथेनॉल करतं. ते टँकरनं जाऊन शेवटी पेट्रोलमध्ये मिसळतं. सर त्या यीस्टच्या खात्याचे प्रमुख. सत्तावीस वर्षं तेच काम, त्याच खोलीत, त्याच लाकडी स्टुलावर.

त्या खोलीत दोन मोठी काचेची कपाटं होती. त्यांत बोटभर लांबीच्या नळ्या, दोनशेच्या वर. प्रत्येक नळीत तळाला पांढरट साय धरलेली आणि बाहेर सरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. कॉलेजात आम्ही अशा नळ्यांवर आकडे लिहायचो. सरांच्या चिठ्ठ्यांवर माणसं होती. 'रामदास अण्णा, घरामागचा वेल.' 'बसस्टँडचा रसवाला, गाळणी.' 'शिंदेवहिनी, इडलीचं पीठ.' मी दिलेल्या कांद्यातून काहीतरी निघालं आणि महिन्याभरात कपाटात एक नवी नळी आली: 'लासलगाव, मॅडमच्या आई.' आईला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. मग हळूच म्हणाली, "उकिरड्याला माझं नाव का दिलं पण?"

लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, सर यीस्ट जमवायचे. रानातलं, घरातलं, फळाच्या सालीवरचं. त्यांचं म्हणणं असं की कुठल्या तरी बांधावर, कुठल्या तरी माठाच्या कडेला असं एखादं यीस्ट असणार की जे आमच्या उन्हाळ्यातही दमणार नाही. उन्हाळ्यात टाक्या तापायच्या आणि यीस्ट मरगळायचं, हा आमचा कायमचा त्रास होता. तसं यीस्ट सापडलं का, असं मी एकदा विचारलं.

"नाही."

"मग सत्तावीस वर्षं?"

"शोधताना बाकीची सापडली की," सर म्हणाले आणि पुन्हा मायक्रोस्कोपात वाकले.

त्यांची एक खोड सगळ्या कारखान्याला पाठ होती. माणसाला ते कधी अरे-तुरे करत नसत. गेटवरचा वॉचमन असो की कंपनीच्या साहेबांचा सहा वर्षांचा नातू, सगळ्यांना अहो-जाहो. यीस्टशी मात्र सरळ एकेरीत बोलायचे, तेही बाईमाणूस धरून. पंचवीस फूट उंच टाकीला कान लावून म्हणायचे, "काय गं, आज गप्प गप्प का?" टाकी उकळत असल्यासारखी आतून बुडबुडत असली की खूश. आवाज खाली आला की खिशातलं छोटं फुलपात्र काढून चमचाभर नमुना घेणार, नाकाशी धरणार, डोळे मिटणार. मग ऑपरेटरला सांगणार, "तापमान दोननं खाली आणा." मीटर नंतर बघितला तर तापमान खरंच दोननं वर गेलेलं असायचं.

मी शहरात इंदिरानगरला खोली घेऊन राहत होते आणि सरही इंदिरानगरचेच, त्यामुळं कंपनीच्या बसमध्ये आमची जागा शेजारी. एकदा दिंडोरीच्या अलीकडं त्यांनी ड्रायव्हरला बस थांबवायला लावली. रस्त्याला लागून द्राक्षाची बाग, आणि बागेत एक शेतकरी ट्रॅक्टरला फवारणीचं यंत्र जोडत होता. सर उतरले, मागून मीही उतरले.

"नमस्कार. मला एक घड हवा होता. फवारा न मारलेला."

शेतकऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बिनफवारणीचा? सायेब, तसला घड बागेत ऱ्हायलाच नाय. एक्स्पोर्टवाले हाय का तुम्ही?"

"नाही. मला सालीवरचं यीस्ट पाहिजे."

"सालीवरचं काय?"

सर बागेच्या तारांखाली उभं राहून समजावू लागले. द्राक्षाच्या सालीवर पांढरी भुकटी दिसते ना, तिच्या आसपास डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते साखर खातात. बसमधले लोक हॉर्न वाजवायला लावत होते. शेतकरी आधी संशयानं ऐकत होता, मग त्यानं यंत्र तसंच सोडलं आणि सरांना घराच्या मागं घेऊन गेला. तिथं पोरांसाठी ठेवलेला एकच वेल होता, औषध न मारलेला. घड तोडून देताना तो म्हणाला, "हे जीव आमच्या बागेत बी असतील ना वो? का औषधानं मेले सगळे?"

सरांनी घड देठाशी धरून फिरवून बघितला. मग म्हणाले, "मग बागेतलाही एक घड द्या. बघतो आणि कळवतो."

आणि त्यांनी खरंच कळवलं. आठवड्यानं बस पुन्हा थांबवली, तारांखाली उभं राहून सांगितलं, "आहेत. कमी आहेत, पण आहेत." हाच तो रामदास अण्णा.

मला नोकरीवर घेतलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो, बगॅस, त्याच्यापासून इथेनॉल करायचं कंपनीनं ठरवलं होतं. बगॅस शिजवून, त्यावर एन्झाइम घालून त्याची साखर सोडवता येते. अडचण अशी की त्यातून दोन जातींच्या साखरा निघतात. पहिली नेहमीची, तिच्यावर सगळं यीस्ट तुटून पडतं. दुसरीचं नाव झायलोज, तिला नेहमीचं यीस्ट शिवतसुद्धा नाही. सर हे फार सोपं करून सांगायचे: "ताटात भात आणि भाकरी दोन्ही वाढलंय. ही भात खाते आणि हात धुऊन उठते."

बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं भाकरीही खाणारं यीस्ट तयार केलं होतं. दुसऱ्या एका बुरशीचे जनुक त्याच्यात घालून. ते यीस्ट आमच्याकडं चाचणीला आलं आणि त्याची देखभाल माझ्याकडं आली. नियम कडक होते. हे घडवलेलं यीस्ट, ते बाहेर मोकळं सुटता कामा नये. त्यासाठी वेगळा हॉल, दोन दारं, आत जाताना डगला, टोपी, वेगळ्या चपला. जैवसुरक्षा समितीची माणसं येऊन सगळं तपासून गेली. हॉलच्या भिंतीला एक मोठी बंद काच होती, तिच्यातून बाहेरच्यांना आतलं दिसायचं.

थर्मासच्या डब्यात बर्फात ठेवलेली ती नळी मी सरांना दाखवली. तिच्यावर आठ आकडी क्रमांक होता.

"हिचं गाव?" सरांनी विचारलं.

"सर, ही लॅबमध्ये केलेली आहे."

"ते कळलं. पण मूळची कुठली? कुणाच्या घरची?"

मी कागद चाळले. मूळ वाण औद्योगिक, एवढंच लिहिलेलं होतं. सरांनी नळी परत दिली. "जिचं गाव माहीत नाही तिच्या हाती एवढा मोठा टाका द्यायचा?"

मीटिंगमध्येही त्यांनी विरोध केला, आणि गुळमुळीत नाही, चांगला कागदावर मुद्दे लिहून केला. आपली माणसं अजून मळीच्या टाक्या नीट धुवायला शिकतायत, हे नाजूक यीस्ट इथं टिकणार नाही. बिघडलं तर का बिघडलं हे आपल्याला कळणारही नाही, कारण आपण ते वाढवलेलं नाही. आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरांनी, त्यांना सगळे साहेब म्हणत, शांतपणे ऐकून घेतलं. साहेबांचा सरांवर जीव होता. पण त्यांनी चाचणी करायचं ठरवलं.

मला सरांचा राग यायचा. मी त्या एका चाचणीवर तिथं होते. ती फसली तर माझं कामच उरत नव्हतं, आणि सरांना ते माहीत होतं.

लॅबमध्ये झाडलोट आणि काचसामान धुवायला हिराबाई होत्या, सुरगाण्याच्या डोंगराकडच्या. चैत्रात गावी गेल्या की सरांसाठी मोहाची फुलं आणायच्या. त्या वर्षीही आणली. सरांनी ती बरणीत पाण्यात घालून खिडकीत ठेवली, आणि तीन दिवसांनी सगळ्या मजल्यावर तो गोड, उग्र, डोक्यात चढणारा वास. साहेबांचे पाहुणे आले तेव्हा त्यांना वाटलं इथं कुणीतरी पितंय. हिराबाई मला म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडं हा वास आला तर पोलीस येतो. हितं सर येत्यात."

त्याच आठवड्यात माझी चाचणी सुरू झाली. पाचशे लिटरचा टाका, बगॅसचा गाळलेला गढूळ रस आणि त्यात ते आठ आकड्यांचं यीस्ट.

पहिला दिवस इतका छान गेला की मी कॅन्टीनमध्ये दोनदा जेवले. भात संपला. दुसऱ्या दिवशी भाकरी, म्हणजे झायलोज, कमी व्हायला लागली. पण अल्कोहोल जागचं हलेना. साखर जातेय आणि अल्कोहोल होत नाही, मग ती जातेय कुठं? तिसऱ्या दिवशी टाक्याला आंबूस वास सुटला. आम्ल वाढलं, यीस्ट मरायला लागलं. चौथ्या दिवशी मी टाका बंद केला.

सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: हे यीस्ट आपल्याकडं चालत नाही. मला मात्र वेगळीच शंका खात होती. टाका वाफेनं निर्जंतुक करताना मी काही चुकले का? एखादा वॉल्व्ह राहिला का? मी नोंदवही पुन्हा पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं, आणि तरी स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

मीटिंग चार दिवसांवर होती. त्या दुपारी सरांनी मला हाक मारली. "मॅडम, जरा बघा."

मायक्रोस्कोपखाली माझ्या बिघडलेल्या टाक्याचा थेंब होता. गोल गोल यीस्ट, बरंचसं मेलेलं, आणि मध्ये मध्ये बारीक काड्यांच्या साखळ्या.

"बॅक्टेरिया," मी म्हटलं. "दही लावतात त्या जातीचे वाटतात."

"यांनीच तुमची भाकरी खाल्ली. आता हे बघा."

त्यांनी काचपट्टी बदलली. तशाच काड्या, तशाच साखळ्या. "ही कुठली?" मी विचारलं.

सरांनी खिडकीतल्या बरणीकडं बोट केलं. मोहाची फुलं फुगून वर तरंगत होती.

बरणी इथं, वरच्या मजल्यावर. माझा हॉल खाली, दोन दारांच्या आड. "पण सर, हे तिथं गेलंच कसं?"

"मी नेलं," सर म्हणाले. "तुम्ही सगळे जेवायला जायचा तेव्हा मी आत जात होतो. तिन्ही दिवस. डगलाबिगला न घालता. वरचं झाकण उघडून फुलपात्रानं थोडं काढायचो, वास घ्यायचो."

"पण तुमचा तर विरोध होता!"

"हो, होता ना. पण मॅडम, भाकरी खाते म्हणतात तर खाताना वास कसा येतो, हे बघायला नको?" हे म्हणताना त्यांचा चेहरा काचेची बरणी फोडलेल्या मुलासारखा झाला होता. "ते फुलपात्र आदल्या दिवशी बरणीत बुडवलेलं. पुसलं होतं. धुतलं नव्हतं."

मी खुर्चीत बसले. सर म्हणाले, "अजून कुणाला सांगू नका. दिसायला सारखं म्हणजे तेच, असं नसतं. मला दोन्ही वेगवेगळं वाढवून तपासू द्या."

ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. सर काही न बोलता बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटी लावत होते, वह्या भरत होते. बसमध्ये शेजारी बसत, पण दोघंही खिडकीबाहेर बघायचो. मला वाटायचं, तपासून हे काय करणार? गप्प बसले तर त्यांचं म्हणणं खरं ठरत होतं. यीस्ट परत जाणार, जुनं सगळं तसंच चालणार. आणि मी तोंड उघडून काय सांगणार? ज्या माणसानं मला मायक्रोस्कोपात बघायला शिकवलं, त्याच्याच नावानं बोट करणार? एकदा वाटलं हो, करावं. एकदा वाटलं, मुकाट्यानं लासलगावला जावं.

मीटिंगच्या दिवशी साहेबांनी सुरुवातच अशी केली, "सर, तुम्ही म्हणाला होतात तेच झालं."

सर उभे राहिले. एरवी ते बसूनच बोलायचे. "नाही साहेब, मी म्हणालो होतो ते झालेलं नाही. मॅडमचा टाका स्वच्छ होता. यीस्टचाही दोष नाही. मी दुपारी झाकण उघडत होतो." मग त्यांनी बरणी, फुलपात्र, प्लेटींवर दोन्हीकडच्या एकाच जातीच्या निघालेल्या काड्या, सगळं क्रमानं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या चुकीचा अहवाल वाचतायत. शेवटी म्हणाले, "पुन्हा चाचणी घ्यावी. मला आत येऊ देऊ नये."

साहेबांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "सर, हे मला समितीला कळवावं लागेल."

"कळवाच."

समितीचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. नवं यीस्ट आवारात असेपर्यंत त्या इमारतीत दुसरं कुठलंही उघडं किंवा नोंद नसलेलं कल्चर, म्हणजे वाढवलेलं यीस्ट किंवा बॅक्टेरिया, ठेवायचं नाही. कपाटांतल्या नळ्या कागद असतील तर दुसरीकडं पाठवायच्या, बाकी सगळ्या नष्ट करायच्या. सरांना हॉलमध्ये प्रवेश बंद.

ज्यांचे कागद नीट होते अशा सहा नळ्या सरांनी पुण्याच्या एका संस्थेकडं रीतसर पाठवल्या. बाकीच्यांना कागद नव्हते, नुसती माणसांची नावं होती. मी हळूच म्हटलं, "सर, माझ्या खोलीत फ्रीज आहे. पंधरा-वीस तरी मावतील."

"त्यात काय काय असतं तुमच्या?"

"दूध, दही. कधी डोशाचं पीठ."

"मग तिथं या सगळ्या जणी आठवडाभरात एकमेकींच्या घरात घुसतील." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "नको. नियम मी मोडला. आता तुम्हाला मोडायला लावू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः कपाटं उघडली. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक मोठा कुकरच, वाफेच्या दाबाखाली सगळं मारणारा. सर एकेक नळी घेत, चिठ्ठी मोठ्यानं वाचत आणि जाळीच्या टोपलीत ठेवत. मी वहीत खूण करत होते, कारण नष्ट केल्याची यादी द्यायची होती. 'बसस्टँडचा रसवाला.' 'शिंदेवहिनी.' 'त्र्यंबक रस्ता, करवंदं.' 'लासलगाव, मॅडमच्या आई' वाचताना त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आईंना सांगाल ना?" मी मान हलवली. 'रामदास अण्णा'ला मात्र ते थांबले. नळी उजेडात धरून आडवी केली, तळाची साय हलते का बघितलं, आणि मग ठेवली.

हिराबाई दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. मोहाची बरणीही आत गेली तेव्हा म्हणाल्या, "मोह काय संपला नाय सर. चैतात परत आनू."

"आणू नका हिराबाई. इथं नको."

"मंग तुमी या. झाडं तर तितंच हायेत."

सरांनी मान वर करून त्यांच्याकडं असं बघितलं, जणू विचारतायत की हे आपल्याला इतकी वर्षं कसं सुचलं नाही. "किती लांब आहे हो तुमचं गाव फाट्यापासून?" त्यांनी विचारलं. पुढची दहा मिनिटं ते दोघं वाट, ओढा आणि एसटीच्या वेळा यांबद्दल बोलत राहिले. मागं ऑटोक्लेव्हचा काटा वर वर जात होता.

दुसरी चाचणी मी एकटीनं लावली. टाका इतका घासला की हातांची साल निघाली. सर काचेच्या बाहेर स्टूल घेऊन बसले. काच जाड होती, आवाज यायचा नाही. मी दर काही तासांनी नमुना मोजायची आणि काचेशी जाऊन बोटं दाखवायची. दोन बोटं, म्हणजे अल्कोहोल दोन टक्के. अडीच असलं की तिसरं बोट अर्धं वाकवायचं. सर ते वहीत लिहून घेत. मग एक कागद काचेला लावत: 'वास कसा आहे?'

हे बोटांनी कसं सांगणार? मी पहिल्यांदा खांदे उडवले. सर हलेनात, कागद तसाच धरून बसले. मग मी परत गेले, नमुन्याच्या नळीचं बूच काढलं आणि खरंच वास घेतला. तोवर मी आकडेच घेत होते, वास कधी घेतलाच नव्हता. मी पाटीवर लिहिलं, 'पिकलेलं केळं. थोडा ओल्या लाकडाचा.' सरांनी वाचलं आणि दोन्ही हात वर केले.

दुसऱ्या दिवशी भाकरीला सुरुवात झाली. साडेतीन बोटं. चार. मी श्वास धरून मोजत होते. आंबूस वास नाही, काड्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आख्खा पंजा दाखवला. सर उठून उभे राहिले, स्टूल मागं पडलं. मला वाटलं आता टाळ्या वाजवतील. त्यांनी घाईघाईनं काहीतरी लिहिलं आणि कागद काचेला लावला: 'उन्हाळ्यात काय करेल?'

त्याचं उत्तर आम्ही पुढचं दीड वर्ष शोधत होतो. मी आत, ते बाहेर. त्यांनी इतके प्रश्न विचारले की माझ्या दोन जाड वह्या त्यांतच भरल्या. मे महिन्यात टाके तापल्यावर हेही यीस्ट दमलं, तेव्हा त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. "दमली ना? मग जिवंत आहे," म्हणाले आणि थंड पाण्याचा नवा नळ कुठून फिरवायचा त्याचं चित्र काढायला बसले.

या सगळ्यात ते निवृत्त व्हायची वेळ आली. कॅन्टीनच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता, शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. आठवडाभर आधी मी त्यांना विचारलं, "सर, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

"मिळेल का, ते माहीत नाही," ते म्हणाले. "मी तिला अजून धडधाकट बघितलेली नाही, बघितली ती बिघडलेल्या टाक्यातली, बरीचशी मेलेली. चांगली होती तेव्हा नुसता वास घेतला, तोही चोरून. एकदा मायक्रोस्कोपातून बघू द्याल?"

मी समितीला पत्र लिहिलं. अर्ध्या तासाची लेखी परवानगी आली, माझ्या देखरेखीखाली.

निवृत्तीच्या दिवशी सर अकरा वाजता दाराशी हजर झाले. डगला घातला, टोपी घातली, चपला बदलल्या, हात दोनदा धुतले. फुलपात्र आपण होऊन बाहेरच्या टेबलावर काढून ठेवलं. मी ताजा थेंब काचपट्टीवर घेतला, नजर स्थिर केली आणि बाजूला झाले.

सर वाकले. मग अगदी हळू, "काय गं."

दहा मिनिटं झाली, वीस झाली. एका जागी नजर लावून ते बसले होते, मधूनच स्क्रू केसभर फिरवायचे. अर्धा तास झाला. काचेबाहेर हिराबाई आल्या आणि हातानं 'चला' अशी खूण केली. कॅन्टीनमध्ये सगळे जमले होते, साहेब येऊन बसले होते.

"सर," मी म्हटलं, "वेळ झाली. लोक थांबलेत."

"थांबा हो जरा." त्यांनी डोळा काढला नाही. "हिला बाळ होतंय."

मी मायक्रोस्कोपाच्या शेजारच्या माणसासाठी असलेल्या दुसऱ्या नळीतून बघितलं. गोल पेशीच्या एका बाजूला छोटासा फुगवटा आला होता, आईच्या निम्म्याहून लहान. यीस्टला असंच होतं, कळी फुटते, वाढते आणि सुटी होते. त्याला तास-दीड तास लागतो, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"अजून बराच वेळ आहे सर."

"वेगळी होऊ दे. मग लगेच येतो."

मी काचेशी गेले. पाटी घेतली आणि लिहिलं, 'बाळंतपण चालू आहे.' हिराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी जवळच्या ऑपरेटरकडून वाचून घेतलं, कपाळाला हात लावला आणि निरोप सांगायला कॅन्टीनकडं धावल्या.

पाच-दहा मिनिटांनी काचेबाहेर माणसं जमायला लागली. आधी दोन ऑपरेटर आले, मग बॉयलरवाले, मग हार हातात घेतलेला वॉचमन. शेवटी साहेबही आले आणि सरांच्या जुन्या स्टुलावर बसले. परवानगीचा अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. मी नोंदवहीत खरी वेळ लिहिली आणि शेजारी कारण लिहिलं. आत सर वाकलेले, बाहेर सगळा कारखाना काचेला नाक लावून उभा. कुणाला काही दिसत नव्हतं, आणि कुणी जातही नव्हतं.